युगांडाच्या गोलकीपरसाठी गाऱ्हाणं

युगांडातल्या बायकांच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगची माझ्या बायकोच्या मामांइतकी काळजी खुद्द युगांडातही कुणी करत नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. मामा मालवणकडचे, बहारीनमध्ये अमवाजच्या एका हॉटेलची स्टाफ बस चालवतात. फुटबॉलचं ज्ञान म्हणाल तर मफी, म्हणजे शून्य. ऑफसाइड हा रेफरीचा निव्वळ चावटपणा आहे, असं त्यांचं ठाम मत. पण बसमध्ये पुढच्या सीटवर बसणाऱ्या, हाउसकीपिंगमधल्या युगांडाच्या ग्रेसबाईंची मुलगी त्या लीगमध्ये गोलकीपर आहे आणि ड्युटीवर ग्रेसबाईंना मोबाइल ठेवता येत नाही. तेव्हा बस पार्क करून मॅच बघायची जबाबदारी मामांनी परस्पर अंगावर घेतली. युगांडाचं आणि बहारीनचं घड्याळ एकच, हे कळल्यापासून तर हा योग देवानेच जुळवलाय म्हणतात.

मॅच चालू असताना त्यांच्या शेजारी बसणं ही शिक्षाच. पोरीच्या हातून बॉल सुटला की फोनवर ओरडतात, "गो चेडवा, झोपलंस काय?" मी एकदा म्हटलं, "मामा, तिला मराठी कळत नाही." तर म्हणाले, "जावईबापू, तुमची पोरं तरी कुठे मराठीत उत्तर देतात? म्हणून तुम्ही बोलायचे थांबलात?"

यंदा शेवटच्या मॅचला प्रकरण गळ्याशी आलं. हरली तर टीम लीगमधून खाली जाणार, आणि पोरीचं कॉलेज त्या टीमच्याच जोरावर चाललेलं. त्या दिवशी मला सुट्टी होती, म्हणून मीही बसमध्ये होतो. सकाळी हमद टाउनच्या कामगार कॅम्पहून निघताना मामांनी स्टिअरिंगपुढे नारळ ठेवला आणि गावच्या देवाला चक्क गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक सांभाळ, समोरच्यांचो बॉल वाकडो जावंदे!" मागून युगांडाच्या, नेपाळच्या, फिलिपिन्सच्या बायका एका सुरात म्हणाल्या, "व्हय म्हाराजा!" मामांनी त्यांना पढवून ठेवलं होतं.

दुपारी अगदी शेवटच्या मिनिटाला गोल खाल्ला. खलास. मामांनी फोन उपडा ठेवला. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत ग्रेसबाई चादर हातात घेऊन उभ्या होत्या. टीम वाचली तर बसचे दिवे लावायचे, असं ठरलं होतं. मामांनी दिवे लावले.

"मामा, अहो, हरलो आपण."

"शिफ्टचे दोन तास बाकी आहेत. रडत रडत चादरी घालायच्या काय तिने?"

सहाला ग्रेसबाई हसत खाली आल्या. बस सुरू करण्याआधीच मामांनी हात जोडून खरं सांगून टाकलं. गोल जणू त्यांनीच खाल्ला होता. त्या आपल्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. हमद टाउन जवळ आलं तेव्हा कुठे त्यांना रडू फुटलं. कॅम्पकडे वळायचं सर्कल आलं, पण मामा वळले नाहीत. एक फेरी मारली, दुसरी मारली, तिसरीही मारली. मागे दिवसभर राबलेल्या वीस-बावीस बायका. एकीनेही "यल्ला, चला" म्हटलं नाही. चौथ्या फेरीला ग्रेसबाईंनी रुमालाने तोंड पुसलं आणि मामांना मान हलवून खूण केली, तेव्हा त्यांनी बस कॅम्पकडे घेतली.