पालक बाकावर बसले तो शनिवार

टिटवाळ्यात आम्ही फ्लॅट बघायला गेलो तेव्हा एजंटने आधी शाळा दाखवली, मग फ्लॅट. "शाळा बघा मॅडम, बाकी सगळं नंतर," असं म्हणत त्याने गाडी थेट त्या काचेच्या इमारतीसमोर उभी केली. नावाच्या शेवटी इंटरनॅशनल होतं. पुढे माझी मुलगी तिथे जायला लागल्यावर कळलं, की शाळेची सहल ठाण्यातल्या कोलशेतच्या एका बागेपलीकडे कधी गेलेली नाही. पण तेव्हा आम्ही नुसते बघत राहिलो. माझ्या नवऱ्याला तर शाळा तिथेच आवडली, कारण गेटमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पोराच्या गळ्यात टाय होता. तो साताऱ्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला. टाय त्याने पहिल्यांदा स्वतःच्या लग्नात घातला आणि तोही मामाने बांधून दिलेला. आपल्या पोरीला तो रोज बांधायला मिळणार, एवढ्यावर त्याचं शिक्षणाबद्दलचं सगळं मत तयार झालं.

अ‍ॅडमिशन झाल्यावर आणखी एक गोष्ट कळली. फ्लॅट दाखवणारा एजंट आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा ॲडमिन एकच इसम होता. त्याचा मुलगा माझ्या मुलीच्याच वर्गात, सातवीत. शाळेबद्दल कुणी वाकडा शब्द काढला, की हा पाच मिनिटांत हजर. शाळेचं नाव खराब झालं तर आजूबाजूच्या बिल्डिंगांचं काय होणार, ही काळजी त्याच्याइतकी मुख्याध्यापिकेलाही नसेल.

ग्रुपवर शाळा स्वर्गच होती. "डिसिप्लिन म्हणजे डिसिप्लिन." "आमचा आता घरी पण इंग्लिशमध्ये भांडतो." "मुलांना बाहेर फिरूच देत नाहीत, बेस्ट." खाली हात जोडलेले, फुलं, अंगठे.

घरी माझी मुलगी शाळेला शोरूम म्हणायची. तिच्या वर्गातली सगळीच म्हणायची.

"शोरूम का गं?"

"सगळं काचेच्या आत आहे. पुस्तकं काचेच्या आत, मायक्रोस्कोप काचेच्या आत. बघायचं, हात नाही लावायचा."

"लहान मुलांनी फोडलं तर?"

"मम्मी, आम्ही सातवीत आहोत."

मी ते हसण्यावारी नेलं. पोरं शाळेला नावं ठेवणारच, आम्हीही ठेवलेली. मला राग यायचा तो पाण्याच्या बाटलीचा. सकाळी भरून दिलेली बाटली संध्याकाळी तशीच भरलेली परत. उन्हाळा, घाम, आणि ही पाणी पीत नाही. डोकं दुखतं म्हणून रडते आणि पाणी पीत नाही. एके दिवशी मी चांगलीच ओरडले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "पाणी प्यायलं की जावं लागतं ना. आणि जाता येत नाही."

मग तिने सगळं सांगितलं. तासाच्या वेळी बाथरूमला कुलूप असतं. मधल्या सुट्टीत उघडतात, पण तेव्हा सगळ्या वर्गांच्या मुलींची रांग लागते आणि नंबर येईपर्यंत घंटा होते. "मग आम्ही पाणीच नाही पीत. सिंपल."

ते सिंपल मला रात्रभर टोचत राहिलं. सकाळी मी ग्रुपवर अगदी गोड शब्दांत लिहिलं, की मुलींची गैरसोय होते, तासाच्या वेळी कुलूप नको. ॲडमिनचं उत्तर लगेच आलं. "मॅडम, मागच्या मीटिंगला आपण पालकांनीच सांगितलं होतं ना, मुलं बाथरूमच्या नावाखाली बाहेर टाइमपास करतात म्हणून? शाळेने आपलं ऐकलं." त्याच्यामागोमाग दुसरी आई, "माझी तर काहीच कम्प्लेंट करत नाही." तिसरी, "पोरं नाटकं करतात हो." आणि मग कुणीतरी शुभ सकाळचा गुलाब टाकला आणि विषय त्याच्याखाली गाडला गेला.

काही दिवसांनी शाळेची सूचना आली. येत्या शनिवारी सातवीच्या पालकांनी एक दिवस विद्यार्थी व्हायचं. पांढरा शर्ट किंवा कुर्ता, डबा घरून आणायचा, मोबाइल गेटवर जमा. पुढच्या वर्षीच्या अ‍ॅडमिशनच्या जाहिरातीसाठी शूटिंग होणार होतं, हे त्यात लिहिलेलं नव्हतं, पण ॲडमिनने "सगळ्यांनी छान दिसा" असं टाकल्यावर आम्ही काय ते समजलो. मुलांना सुट्टी. नवऱ्याला ड्युटी होती, म्हणून मी गेले. निघताना मुलीने मला पाणी प्यायला मनाई केली. मला वाटलं, मस्करी करते आहे.

शाळेत पोचल्यावर आधी वडापाव आणि मोठे मोठे कप भरून चहा दिला. ॲडमिनने दोन कप घेतले. मग आम्हाला वर्गात बसवलं. बाक सातवीतल्या पोरांच्या मापाचे. ॲडमिन पुढच्या बाकावर कसाबसा शिरला, पण पोट डेस्कला टेकलं ते टेकलंच.

गणिताची टीचर कोवळी पोरगी होती, नुकतीच लागलेली असावी. मुख्याध्यापिका दाराबाहेर उभी आणि कॅमेरावाला दारात, त्यामुळे ती बिचारी हा खेळ आहे हे विसरून खरंच शिकवायला लागली. ॲडमिन शेजारच्या गृहस्थांना म्हणाला, "जरा सरकून बसा ना."

"नो मराठी इन द क्लास. स्टँड अप," टीचर म्हणाली. सवयीनेच तोंडातून निघालं असणार.

ॲडमिन हसला. ती हसली नाही. तो उभा राहिला, म्हणजे डेस्कमध्ये अडकून अर्धवट वाकला. आम्ही सगळे खो खो हसलो, तर तिने आम्हालाही गप्प केलं. आणि गंमत म्हणजे आम्ही गप्प झालो. बँकेतले अधिकारी, दुकानदार, एक पोलीस हवालदार, सगळे हाताची घडी घालून बसले.

पुढचा तास पीटीचा होता. पोर्शन राहिलाय म्हणून पुन्हा गणित. त्याच्या मध्येच ॲडमिनने करंगळी वर केली.

"वेट फॉर द रिसेस," टीचर म्हणाली.

"मिस, आय हॅव शुगर."

टीचरने दाराकडे बघितलं. मुख्याध्यापिका तोवर कॅमेरावाल्याला रिसेप्शन दाखवायला गेली होती. टीचरने घाबरतच मान डोलावली. ॲडमिन सुटला तो थेट कॉरिडॉरच्या टोकाला. आम्ही दारातून बघत होतो. कुलूप. बाहेर स्टुलावर बसलेली मावशी म्हणाली, "चावी सुपरवायझर सरांकडं. सर बाहेर गेल्यात."

"कधी येणार?"

"मला कुठं सांगून जात्यात?"

तो जिना उतरून गेटकडे गेला. खिडकीतून गेट दिसत होतं आणि वॉचमनचा आवाज वरपर्यंत येत होता.

"गेटपास, साहेब."

"कसला गेटपास? समोरच्या हॉटेलात जाऊन येतो."

"पालकांची चिठ्ठी लागते."

"अरे, मीच पालक आहे!"

"आज तुम्ही विद्यार्थी आहात ना साहेब. मॅडमनी सांगितलंय, कुणालाच सोडायचं नाही."

वर्गात पुन्हा हशा झाला, पण या वेळी थोडा आखडता. चहा सगळ्यांनीच प्यायलेला. माझ्याही ते लक्षात यायला लागलं होतं. पायावर पाय घेऊन बसले, मग पाय बदलला. फळ्यावर काय चाललंय ते मला दिसत होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं. माझ्या बाजूला तीच आई बसलेली, जिची मुलगी काहीच कम्प्लेंट करत नव्हती. ती बाकाची कड धरून होती. हळूच म्हणाली, "माझी रोज घरी आली की बूटसुद्धा न काढता आत पळते. मी रोज ओरडते, लादी घाण करतेस म्हणून."

तिने डोळे पुसले आणि वहीत समोरचं उदाहरण उतरवायला लागली.

शेवटी मुख्याध्यापिकेने ॲडमिनला आपल्या केबिनमधली बाथरूम उघडून दिली. तो परत आला तेव्हा तोंड धुतलेलं, केस ओले, आणि अगदी शहाण्यासारखा जागेवर बसला. आम्हा बाकीच्यांना मधल्या सुट्टीत रांग लावावी लागली. घंटा झाली तेव्हा माझ्यापुढे अजून बऱ्याच बायका होत्या. मी आत गेलेच, घंटा गेली खड्ड्यात. तेवढी सोय माझ्या मुलीला नव्हती.

दिवस संपताना प्रत्येकाने कॅमेऱ्यासमोर दोन शब्द बोलायचे होते. ॲडमिन पहिला. मला वाटलं, आता हा फाडणार. तो म्हणाला, "एक्सलंट डिसिप्लिन! आज मी स्वतः अनुभवलं."

माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, की बाथरूमचं कुलूप काढा, मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. कॅमेरावाला म्हणाला, "मॅडम, थोडं स्माइल ठेवून परत एकदा?" मी स्माइल ठेवून परत एकदा तेच सांगितलं. पुढे जाहिरात आली. त्यात मी आहे, चांगली हातवारे करून बोलते आहे, आणि माझ्या आवाजाच्या जागी सनई वाजते आहे.

मात्र ॲडमिनने आतून सूत्रं हलवली असावीत. महिन्याभरात ग्रुपवर घोषणा झाली, की पालकांच्या सोयीसाठी रिसेप्शनजवळ नवीन पॅरेंट्स वॉशरूम. फोटोही होते. चकचकीत टाइल्स, आरसा, सुगंधी साबण, कोपऱ्यात प्लास्टिकचं मनीप्लांट. टाळ्यांचा पाऊस. वर, मुलांच्या मजल्यावर, कुलूप होतं तिथेच.

मी चिडून मुलीला फोटो दाखवला. तिने तो मोठा करून नीट बघितला. "आतून कडी आहे का गं?" एवढंच विचारलं.

दोनेक आठवड्यांनी ती घरी आली तीच हसत. म्हणाली, आज गणिताच्या तासाला एका मुलीने विचारलं, टीचर नको म्हणाली, तर ती उठून चालायलाच लागली. तिच्यामागे दुसरी. मग वर्गातल्या सगळ्या मुली. जिना उतरून थेट रिसेप्शनला, पॅरेंट्स वॉशरूमसमोर एकामागे एक रांग. सोफ्यावर अ‍ॅडमिशनसाठी आलेली कुटुंबं बसलेली. मुख्याध्यापिका केबिनमधून बाहेर आली, तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात सोफ्यावरची एक बाई नवऱ्याला म्हणाली, "बघा ना, किती शिस्तीत उभ्या आहेत पोरी." मुख्याध्यापिकेने उघडलेलं तोंड हसऱ्या आकाराचं केलं आणि ती परत आत गेली.

"पुढारी कोण होती?" मी विचारलं.

"कुणीच नाही. सगळ्यांनाच लागलेली."

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या. तिसऱ्या दिवशी सहावीच्याही आल्या. अ‍ॅडमिशनचे दिवस, रिसेप्शनला रोज गर्दी. तो आठवडा सरायच्या आत वरचं कुलूप गेलं. नुसतं उघडलं नाही, कडीकोयंड्यासकट काढून टाकलं.

त्या संध्याकाळी ग्रुपवर ॲडमिनने स्वतःचा फोटो टाकला, मुख्याध्यापिकेला पुष्पगुच्छ देताना. खाली लिहिलेलं, "पालकांच्या सततच्या पाठपुराव्याला यश."

मी ते मुलीला वाचून दाखवलं. मला वाटलं, भडकेल. ती म्हणाली, "पप्पांना नको दाखवूस. ते लाइक करतील."

मी खाली बघितलं. पप्पांनी केलेलंच होतं.