दंतमंजनाचे साहेब

“जबाबदारी सगळी माझी, हुकूम मात्र कुणावर चालत नाही.” प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारलं की आमचे साहेब हसून एवढंच सांगत. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल.

काचीगुड्यातल्या आमच्या कंपनीत दंतमंजन त्यांच्याकडे होतं. मी त्यांच्या हाताखाली. कारखाना ऐकायचा नाही, विक्रीवाले ऐकायचे नाहीत. मंजन खपलं नाही की बोलणी मात्र साहेबांना. ते ज्याच्या त्याच्या टेबलापाशी जाऊन “जरा बघता का?” म्हणत उभे राहत.

डबीचं झाकण ओल्या हातांनी उघडत नाही, हे त्यांनी नारायणगुड्याला स्वतःच्या घरी पाहिलं. मग झाकण बदला म्हणून वर्षभर कारखान्याच्या मागे लागले. शेवटी बदललं. बेगम बाजारातल्या एका व्यापाऱ्याने हात भिजवून डबी उघडून दाखवली. “अब बराबर है, साब!” साहेब इतके मोठ्याने हसले की शेजारच्या दुकानातली माणसं वळून बघू लागली.

पुढे देशाने बाहेरच्या कंपन्यांना दारं उघडली. घरोघरी पेस्ट आली, आणि आमची कंपनीही परदेशी मालकांनी घेतली. काय ठेवायचं, काय बंद करायचं, याचा अहवाल त्यांनी साहेबांकडेच मागितला. साहेबांनी लिहिलं, मंजन बंद करा.

“खपच नाही, तर दुसरं काय लिहू?” मला म्हणाले.

त्यांना बढती मिळाली. गाडी मिळाली, सांभाळायला शाम्पू मिळाला. शाम्पू जोरात खपला. आता साहेबांचा हुकूम चालायचा. वेळेवर येत, वेळेवर जात. कुणाच्या टेबलापाशी उभे राहत नसत.

एकदा मी विचारलं, “साहेब, मंजन गेल्याचं वाईट नाही वाटत?”

ते म्हणाले, “वाटायला हवं खरं. अजून तरी काही वाटलं नाही.”

मग त्यांची बंगलोरला बदली झाली. मी स्टेशनवर पोचवायला गेलो. साहेब आधीच खिडकीशी जाऊन बसले होते. वहिनी मागे रेंगाळल्या. हळूच म्हणाल्या, “ऑफिसात तरी हसायचे का हो हे?”

“हसायचे की.”

“हल्ली?”

तेवढ्यात शिट्टी झाली. वहिनी घाईने डब्यात चढल्या. साहेब त्यांच्याकडे न बघताच जरा सरकले आणि त्यांना बसायला जागा करून दिली.