उन्हातला खडा

डहाणू रोडला आमच्या दुकानाला लागून एका गुजराती सोनाराचं दुकान आहे. सकाळी ओट्यावर ऊन आलं की तो एक गुलाबी खडा तळहातावर घेऊन बसायचा. "सिलोनचा आहे, नदीच्या वाळूतला. कमळाचा गुलाबी आणि पिकल्या पपईचा केशरी, दोन्ही रंग एकाच खड्यात. असा क्वचित मिळतो. खरूं ने?" असं विचारायचा आणि माझ्या उत्तराची वाट न बघता आत जायचा.

एकदा चिकूच्या वाडीवाल्या काकी लेकीच्या अंगठीसाठी आल्या. हाच खडा त्यांच्या मनात भरला. मला वाटलं, झाला सौदा. पण हा म्हणाला, "आज नाही देणार. चार दिवस कपाटात ठेवतो, मग बघा."

काकी परत आल्या तेव्हा खडा नुसताच फिका गुलाबी दिसत होता.

"अंधारात केशरी उतरतो, उन्हात परत चढतो," तो म्हणाला. "आधीच बघून घ्या."

काकी हसल्या. "माझी पोरगी दिवसभर वाडीत उन्हातच असते. द्या."

आता त्याचा तळहात रिकामा असतो. तरी ओट्यावर ऊन आलं की तो हात पुढे धरतो.

"आत्ता तिकडे केशरी झाला असेल. खरूं ने?" म्हणतो, आणि मी हो म्हणेपर्यंत थांबतो.