बसून बघण्याचं काम

"अहो मिस्त्री, उद्घाटन आम्ही करणार होतो. आपणच उरकलंत का?"

साहेब बाथरूमच्या दारात उभे होते. हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र. मी त्यांच्या नव्याकोऱ्या कमोडवर बसलो होतो. अंगात पँट होती, पट्टा आवळलेला होता, मांडीवर लेव्हलची पट्टी होती. तरी चोरी करताना सापडल्यासारखा मी ताडकन उठलो. का उठलो ते आजही सांगता येत नाही. कुणी बघितलं की उठायचं, एवढंच लहानपणापासून अंगात भिनलेलं.

साहेबांच्या मागून बाई आल्या.

"हा बसला होता?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. मला नाही. मी हाताच्या अंतरावर उभा होतो.

"मग काय उभा होता?" साहेब म्हणाले.

"सीटवर?"

"सीटवरच."

बाईंनी पदर नाकाला लावला. बाथरूममध्ये सिमेंटशिवाय कसलाच वास नव्हता.

कमोड बसवणाऱ्या प्रत्येकाला हे करावं लागतं. स्क्रू आवळायचे, खालून व्हाइट सिमेंट भरायचं, ते रात्रभर सुकू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बसून बघायचं. सगळं वजन आधी डावीकडे टाकायचं, मग उजवीकडे. भांडं सपाट आहे का ते पट्टी सांगते. डुगडुगतं का ते पट्टीला कळत नाही, बसणाऱ्याच्या बुडालाच कळतं. न बसता काम सोडलं आणि उद्या एखादं म्हातारं माणूस कलंडलं, तर शिव्या आम्हालाच. आठ वर्षं मी हेच करत होतो. शेकडो घरांत बसलो असेन. पण आपला आपण, दार लावून आत. त्या दिवशी पट्टीवरचा बुडबुडा नीट दिसावा म्हणून दार उघडं ठेवलं होतं.

घर कर्वेनगरातलं. दुसरा मजला, तीन खोल्या. तेव्हा त्या भागात प्रत्येक घरातला एक तरी मुलगा कॉम्प्युटरमध्ये होता आणि प्रत्येक घरात काहीतरी फोडून नवीन बसवणं चालू होतं. या घरातला मुलगा सहा महिने अमेरिकेला जाऊन आला आणि त्याचे गुडघे वाकेनासे झाले. बसक्या संडासावर त्याला बसवेना. म्हणून जुनं भांडं काढून कमोड बसवायचा ठरला.

पहिल्याच दिवशी साहेबांनी मला आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं. "अच्छा. राहायला कुठे?" येरवड्याला, म्हणालो. "येरवड्यात कुठे?" मी वस्तीचं नाव सांगितलं. "अच्छा," ते पुन्हा म्हणाले. दोन अच्छांमध्ये त्यांना हवं ते सगळं कळलं. मग मला कामाला लावलं. चार दिवस मी त्यांचा संडास बांधत होतो आणि स्वतः लघवीला कॅनॉलच्या कडेला जात होतो. त्यांच्या घरात दुसरं बाथरूम होतं. मी एकदा विचारलं, तर बाई म्हणाल्या, "त्यात आमचे कपडे भिजवलेत." चारही दिवस कपडे भिजतच होते.

कमोड निवडायला मात्र मला सोबत नेलं होतं. दुकानात ओळीने मांडून ठेवलेले. दुकानदार म्हणाला, "बसून बघा साहेब, बसल्याशिवाय उंची कळत नाही." साहेब बसले. बाई लाजत लाजत बसल्या. मुलगा मोबाइलवर बोलता बोलता बसला. त्यांना बुटका आवडला होता. मीच म्हणालो, बाईंचे गुडघे दुखतात, दोन बोटं उंच घ्या. त्यांना पटलं. पण त्या उंचीचा, त्या बदामी रंगाचा माल संपला होता, म्हणून मांडलेलाच नग घेतला. आमच्या आधी एक जाडजूड कुटुंब आळीपाळीने त्यावरच बसून गेलं होतं, आमच्या डोळ्यांदेखत. कितीतरी महिने गिऱ्हाइकं त्यावर बसत असणार. बाईंनी तेव्हा पदर नाकाला लावला नव्हता.

आता त्या आत गेल्या आणि फिनेलची बाटली, घासणी आणि गरम पाण्याची बादली घेऊन आल्या. सगळं उंबऱ्यावर ठेवलं.

"धुवून काढ," म्हणाल्या. अहोजाहो संपलं होतं.

मी गुडघ्यांवर बसलो आणि धुतलं. हे लिहायला मला लाज वाटते, पण धुतलं. या सोसायटीतल्या आणखी सोळा घरांचं काम आमच्या ठेकेदारांना मिळणार होतं आणि ते मीच करणार होतो. वर्षभराची भाकरी होती ती. एकदा धुतलं. बाई म्हणाल्या, पुन्हा. दुसऱ्यांदा धुतलं. बाई म्हणाल्या, सीटच्या खालून. मी सीट उचलून खालून घासली. साहेब तिथेच उभं राहून पेपर वाचत होते. मध्येच म्हणाले, "मन लावून करा. कामाची लाज नसावी माणसाला."

तिसऱ्यांदा धुऊन झाल्यावर बाईंनी तांब्यातून काहीतरी शिंपडलं. माझ्या हातांवरही उडालं. वास आला तसं कळलं. गोमूत्र. ज्या भांड्यात सगळं घर जन्मभर मुतणार, ते शुद्ध करायला गाईचं मूत. मला हसू यायला हवं होतं. माझ्या कानशिलात घणाचे घाव पडत होते.

तेवढ्यात मुलगा बाहेरून आला. माझ्याच वयाचा. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. काय झालं ते त्याने ऐकलं आणि हसला.

"बाबा, कमॉन. ही वॉज वेअरिंग पँट्स." साहेबांनी पेपरचं पान उलटलं. मला वाटलं, निदान हा तरी. शिकलेला आहे, जग बघून आलाय. मग तो माझ्याकडे वळला आणि माझ्या खांद्यापासून वीतभर वर, हवेतच थोपटल्यासारखं केलं. "बॉस, टेन्शन नको घेऊ. आणखी एकदा धुऊन टाक ना. आईचं समाधान होईल, इश्यू संपेल."

त्या हवेतल्या हाताने माझं डोकं ठिकाणावर आणलं. साहेबांचा, बाईंचा मला राग आला होता, पण ते जुने लोक, संपतील, असं मी मनात म्हणत होतो. संपणार काही नव्हतं. ते अमेरिकेला जाऊन, विमानाने परत आलं होतं.

मी घासणी खाली ठेवली आणि उभा राहिलो.

"साहेब, दुकानात यावर किती जण बसले होते?"

"ते वेगळं."

"वेगळं म्हणजे काय?"

"अहो, हा स्वच्छतेचा प्रश्न आहे."

"त्यांची स्वच्छता तुम्ही बघितली होती?"

"आपण विषय वाढवू नका."

"मी वाढवत नाही. मी कोण म्हणून वेगळं, तेवढं तोंडाने बोला."

मुलगा मोबाइल बघायला लागला. बाई तांब्याच्या आत बघत राहिल्या. शेवटी साहेब म्हणाले, "हे पाहा, आमच्या घरात जातबीत कुणी मानत नाही. तो विषय आपण आणलात." मी तर तो शब्द काढलाही नव्हता. मी बसलो तेव्हा माझी जात त्यांना दिसली आणि बोलायच्या वेळी ती माझ्याच गळ्यात घातली.

मी वळलो आणि त्या कमोडवर बसलो. तिघांच्या समोर, ओल्या सीटवर. माझी तपासणी अर्धी राहिली होती. डावीकडे वजन टाकलं. उजवीकडे टाकलं. मागे रेललो. बाई किंचाळल्या. साहेब म्हणाले, "ऊठ. ऊठ म्हणतो ना." मी सावकाश पट्टी पुसली, पिशवीत ठेवली, मग उठलो.

"हलत नाही," मी म्हणालो. "काम पक्कं झालंय. आता धुवायचं तर तुम्ही धुवा."

जिना उतरताना विजयबिजय काही वाटत नव्हतं. पँट मागून ओली होती आणि तसाच मी सायकलवर येरवड्यापर्यंत गेलो.

संध्याकाळी ठेकेदारांनी बोलावलं. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. अण्णा आमच्याच वस्तीतले, आमच्याच समाजाचे, म्हणून मला जास्त अपेक्षा होती. सोळाही घरांचं काम गेल्याचं त्यांनी सांगितलं. मलाही उद्यापासून येऊ नको म्हणाले. वर समजावलं, "चुकलं तुझं. आपण सगळेच बसतो रे. पण दार लावून बसायचं असतं. मी तीस वर्षं दार लावतोय, कुणाला पत्ता नाही." त्यांना स्वतःच्या हुशारीचा अभिमान होता.

घरी आईला सांगितलं. आई पेठेतल्या घरांचे संडास धुवायची. मागच्या बोळातून जायची, मागच्या बोळातून यायची. ती पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली, "म्या जलमभर लोकाची घाण धुतली. तुला सोताचं बूड टेकलेलं धुवायला जड गेलं व्हय?" पुढचे आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मला तिचा राग आला, आणि राग आला म्हणून स्वतःची किळस आली. तिच्या त्या धुण्यावर मी मोठा झालो होतो. पण तिने गप्प राहून जे धुतलं, ते मी गप्प राहून धुणार नव्हतो. हे तिला पटवता आलं नाही. ती जाईपर्यंत तिला ते पटलं नाही.

नंतर मी कुणाच्या हाताखाली काम केलं नाही. आता बंगल्यांमध्ये, मोठमोठ्या टॉवरमध्ये एकटा कामं घेतो. घरात पाऊल टाकलं की विचारायच्या आधी आडनाव सांगतो, वस्ती सांगतो. मग सांगतो, शेवटच्या दिवशी मी तुमच्या कमोडवर बसणार, तुमच्यासमोर. चालत नसेल तर आत्ताच बोला, मी पिशवी उघडत नाही. काही जण हसून हो म्हणतात. बरेच जण "कळवतो" म्हणतात आणि कळवत नाहीत. नाही म्हणायची इथली तीच रीत आहे. कामं हातची जातात. जाऊ देत.

जिथे काम मिळतं तिथे शेवटच्या दिवशी मी दार सताड उघडं ठेवतो. साहेबांना बोलावतो, बाईंना बोलावतो, त्यांच्या शिकलेल्या मुलांना बोलावतो. आणि बसतो. दोन्ही बाजूंना वजन टाकून माझी खात्री होईपर्यंत, कुणीही ऊठ म्हटलं तरी उठत नाही.