पुरवठा बंद

अँटीव्हायरसला नवे व्हायरस ओळखायला रोज नव्या फाईली लागतात. कंपनीच्या सगळ्या शाखांच्या लिनक्स सर्व्हरना त्या मुख्य कचेरीतून तीच पाठवायची. एका शाखेतली मशिनं तिचा घटस्फोटित नवरा सांभाळायचा. चारचौघांत “हिला काय कळतंय!” म्हणून त्याने वर्षानुवर्षं तिचं हसं केलं होतं.

तिने गुपचूप त्याच्या शाखेचा पुरवठा तोडला. थोड्याच दिवसांत तिथे व्हायरस शिरला आणि साहेबांनी त्याला फैलावर घेतलं. त्यांच्या समोरच त्याने तिला फोन लावला.

“अगं, फाईली येत नाहीयेत.”

“‘अगं’ कोणाला म्हणताय?”

“मॅडम, मला काही कळत नाहीये. तुम्हीच बघा.”

“जरा मोठ्याने बोला.”

त्याने तेच मोठ्याने म्हटलं. तिचा जीव थंड झाला. पुरवठा तिने सुरू केला, पण सावकाश चहा पिऊन झाल्यावर.