मालेगावचा मेन स्विच आणि माझी लायब्ररी

"मॅडम, माझे माग इथे खडखडतायत आणि तुमच्या कंप्युटरवर माझा कारखाना बंद दाखवतोय. झूट कोण बोलतंय, मी का तुमचा डबा?"

शनिवारी सकाळी मालेगावहून अन्सारीभाईंचा फोन होता. त्यांच्या पॉवरलूमवर आम्ही मीटर बसवले होते. मागावर किती कापड विणलं गेलं ते हा मीटर मोजतो आणि इंटरनेटवरून खरेदीदाराला दाखवतो. खरेदीदार मुंबईचा, नवा आणि संशयी. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत स्क्रीन बघून तो ऑर्डर द्यायची की नाही ते ठरवणार होता. अन्सारीभाई कितीतरी महिने त्याच्या मागे लागले होते.

मी नाशिकला, अंबडच्या एका छोट्या कंपनीत मीटरमधलं सॉफ्टवेअर लिहिते. मीटरची माहिती कुणी मध्येच बदलू नये म्हणून ती कुलूपबंद करून पाठवतात. याला एन्क्रिप्शन म्हणतात. खरेदीदाराच्या सर्व्हरला नव्या पद्धतीचं कुलूप हवं होतं. आमच्या मीटरच्या चिपबरोबर आलेल्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात, ते नव्हतं. चिपवाल्यांच्या सपोर्टला मेल केला. 'रोडमॅपवर आहे,' असं उत्तर आलं. म्हणजे माझ्या रिटायरमेंटपर्यंत येईल.

मग मीच लिहिते म्हटलं. क्रिप्टोग्राफीचा, म्हणजे अशा कुलपांचा, कोड शक्यतो स्वतः लिहू नये, असं आमच्या धंद्यात सगळेच सांगतात. मीही सांगायचे. पण माझी लायब्ररी पहिल्याच झटक्यात चालली आणि मी हवेत गेले. चिपवाल्यांवरच्या रागात त्यांचा बाकीचा कोडही काढून टाकला आणि बारीकसारीक गोष्टी स्वतःच लिहिल्या. आमचे बॉस देवरे सर म्हणाले, "टेस्ट केलंय ना नीट?" मी म्हटलं, "सर, बघाच, चिपवाले आपल्याकडे मागायला येतील." हे वाक्य आठवलं की अजून कान गरम होतात.

फोन ठेवून ऑफिसातले मीटर लावून पाहिले. उत्तम चालत होते. सर मूळचे सटाण्याचे, घाबरले की अहिराणीत शिरतात. "आते काय करानं?" म्हणत त्यांनी गाडीची किल्ली उचलली. मालेगाव येईपर्यंत माझा नेटवर्कला, सर्व्हरला आणि खरेदीदाराला दोष देऊन झाला होता.

अन्सारीभाई रागावले नाहीत. चहा मागवला. ते मला जास्त लागलं.

"गुरुवारी तुम्ही बसवून गेलात तेव्हा बराबर होतं," ते म्हणाले. "जुम्म्याला आमची सुट्टी. आज सकाळी मेन दाबला, तेव्हापासून असं."

"मेन?"

"पूर्ण शेडचा एकच स्विच. सुट्टीनंतर सगळं एकदम चालू."

"एकदा बंद करून दाखवता?"

ते थबकले. चालते माग असे बंद केले की धागे तुटतात. तरी त्यांनी स्विच खाली केला, पुन्हा वर केला. सगळ्या मीटरचे दिवे एका तालात लुकलुकले आणि चूक कुठे आहे ते मला कळलं.

कुलूप लावताना प्रत्येक मीटरला एक आकडा लागतो, इतरांपेक्षा वेगळा आणि कुणालाही ओळखता येणार नाही असा. तो आकडा माझा कोड मीटर चालू झाल्याच्या वेळेवरून काढायचा. ऑफिसात आणि गुरुवारी इथेही मी मीटर एकेक करून, सावकाश लावले होते. वेळ वेगळी, आकडा वेगळा. आज सगळे एकाच सेकंदाला उठले आणि सगळ्यांनी तोच आकडा काढला. सर्व्हरला वाटलं, कुणीतरी एकाच मीटरच्या नकला करून खोटं कापड दाखवतंय. त्याने सगळ्यांनाच बाहेर काढलं. त्याचं काही चुकलं नव्हतं.

गंमत म्हणजे असा आकडा देणारं फंक्शन चिपवाल्यांनी दिलेलंच होतं. चांगलं तपासलेलं, वापरायला एका ओळीचं. रागाच्या भरात मी तेही उडवलं होतं.

तिथेच स्टुलावर बसून मी माझा शहाणपणा पुसला आणि त्यांची ओळ परत घातली. सर एकेक मीटर खोलून देत होते, मी त्यात नवा कोड भरत होते. मग अन्सारीभाईंनी पुन्हा मेन दाबला. स्क्रीनवर एकेक माग जागा झाला. थोड्या वेळाने मुंबईचा फोन आला. अन्सारीभाई कोपऱ्यात जाऊन बोलले आणि परत आले.

"दिली," ते म्हणाले. "छोटी दिली, पण दिली."

मला रडू आलं. सरांनी ते सुताच्या धुळीवर ढकललं.

धडा एवढाच. लायब्ररी स्वतः लिहावी लागली तर लिहावी, पण जेवढं मिळत नाही तेवढंच. आणि टेस्ट करायची तर सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये.