भुयार गडावर निघतं

नलिनी गुहेत शिरली की आधी सगळ्यांना बॅटऱ्या बंद करायला लावायची. "अंधार काय पळून जातोय? डोळ्यांना जरा सवय होऊ द्या," म्हणायची आणि खुशाल मातीत फतकल मारून बसायची. आम्ही दोघी नाशिकला एकाच कॉलेजात भूगोल शिकवायचो. मला तिचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, चांगला जळफळाट व्हायचा.

कळवणजवळच्या डोंगरातली ती गुहा माझी होती. दरवर्षी मुलांना मी न्यायचे, मुलं तिला 'मॅडमची गुहा' म्हणायची. लाव्हा वाहून गेला आणि मागे ही पोकळ नळी उरली, असं मी ठासून सांगायचे. नलिनी पहिल्यांदाच आली, भिंतीच्या तळाशी बोट फिरवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "सुनंदा, ही नळी नाही गं. वर काळा खडक, खाली काळा खडक. मधली लाल माती पाण्यानं धुऊन नेलीय." बोट लालभडक झालेलं. बरोबरच होतं तिचं. वर आणखी, "पण गुहा दाखवली ती मॅडमनीच हं," असं मुलांना सांगून मोकळी. भांडायलाही जागा ठेवली नाही बाईनं.

पायथ्याला भिकामावशीचं घर. "हे भुयार थेट गडावर निघतं, बाई," ती दरवर्षी सांगायची, आणि गुहा पुढे बंद आहे हे मी तिला दरवर्षी समजवायचे. नलिनी म्हणाली, "निघत असेल, मावशी. पाणी तर वरूनच येतं की." मावशीनं तिला घरात नेऊन नागलीची भाकरी वाढली. मला तोवर साधा चहा विचारला नव्हता.

गेल्या वर्षी नलिनी कॅन्सरनं गेली. यंदा मी एकटीच मुलांना घेऊन गेले. बॅटऱ्या बंद करायला लावल्या, अंधारात रडून घेतलं, मग लाल मातीचं सगळं तिच्याच शब्दांत सांगितलं.

बाहेर आल्यावर मावशीनं विचारलं, "त्या बाई नाय आल्या?"

"वारल्या त्या, मावशी."

 ती डोंगराकडे बघत म्हणाली, "भुयार गडावर निघतं, बाई."

"निघत असेल, मावशी. पाणी तर वरूनच येतं."

मावशीनं पदरानं डोळे टिपले, माझा हात धरून घरात नेलं आणि गरम भाकरी पुढ्यात ठेवली. "लय दिसांनी त्या बाईंवाणी कुणी बोललं," म्हणाली.

इतक्या वर्षांनी मावशीची भाकरी मिळाली, तीही नलिनीच्या वाटची.